खोबरेल

“अजून अर्धं लिंबू आहे. लावू, आये?” रसिकाने विचारलं.

मोरीच्या कडेला पाटावर बसून तिच्या आईने दोन्ही हात पोरीच्या स्वाधीन केले होते आणि डोळे मिटून घेतले होते. रसिका एकेक बोट धरून त्यावर मिठात बुडवलेली लिंबाची फोड चोळत होती, मग वजरीने घासत होती, मग पाणी ओतून ते बोट नाकाशी नेऊन हुंगत होती. वास गेला नाही असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. सकाळचे सहा वाजले होते. नऊ वाजता आम्हा दोघींना अमेरिकेच्या व्हिसासाठी हजर व्हायचं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. माझे हात स्वच्छ होते. मऊही होते, खरं सांगायचं तर लग्नात होते त्याहून मऊ.

या सगळ्याला कारण आमची नणंद, मंदाक्का. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही देवगडहून बसने निघून तिच्या घाटकोपरच्या घरी पोचलो, तर दार उघडताच तिचा पदर नाकाला. म्हणाली, तुम्ही यायच्या आधी सुंगटं आत आली. सुंगटं म्हणजे कोळंबी. ही बाई ज्या घरात जन्मली त्या घरात उशाला मासळीची टोपली असायची. पण वीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहिली आणि नाक एकदम थोरामोठ्यांचं झालं. जेवताना तिने तीनदा सांगितलं की असले हात घेऊन गेलात तर तो साहेब खिडकीच बंद करून घेईल. मी हसण्यावारी नेलं. रसिकाने नेलं नाही. ती तेरा वर्षांची होती आणि तिचा सगळा जीव त्या खिडकीत अडकला होता.

द्रौपदीवैनी माझी थोरली जाऊ. तिचा नवरा या सगळ्याच्या चार वर्षं आधी ट्रॉलरवर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती आणि मी बंदराजवळच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून कोळंबी सोलायचो. बर्फात हात घालायचा, डोकं मोडायचं, साल ओढायचं, पाठीचा काळा दोरा काढायचा आणि पुढची उचलायची. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत. अकरा वर्षांची असताना रसिका मे महिन्याच्या सुट्टीत आईला मदत करायला तिथे आली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांतून रक्त यायला लागलं. कोळंबीचं पाणी कातडी खातं, आणि नव्या कातडीला तर फारच लवकर. त्या संध्याकाळी वैनीने पोरीची बोटं हळदीत बांधली आणि मला म्हणाली, “ह्या चेडवाक मी ह्या टेबलार उभा करूचंय नाय. काय वाटेल ता होवंदे.”

घरी दिवसभर पोरीकडे बघायला कोणी नव्हतं. मंदाक्काने, मुंबईला पाठव, शाळेत घालते, असा निरोप पाठवला तेव्हा वैनीने तिला पाठवून दिली. शाळा एक वर्ष झाली. मग मंदाक्काचे गुडघे धरले, मग भांडी आली, मग लादी आली, मग सकाळचा डबा आला, आणि शाळेचं नाव कोणी काढेनासं झालं. मंदाक्का दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. पोरीला पोटभर घालायची, दिवाळीला नवा ड्रेस घ्यायची. पण तिला स्वयंपाकघरात माणूस हवं होतं आणि ते आयतं मिळालं होतं.

असं असताना आमच्या शेडमध्ये पिंटो नावाचा मुंबईचा एजंट आला. त्याने सांगितलं की अमेरिकेत समुद्रकाठी कुर्ल्या, म्हणजे खेकडे, उकडून त्यांचा गर काढायचे कारखाने आहेत. एप्रिल ते नोव्हेंबर हंगाम. तिथल्या लोकांना ते काम नको असतं, म्हणून तेवढ्या आठ महिन्यांसाठी बाहेरून बाया आणतात. शेतीवरच्या मजुरांचा व्हिसा वेगळा आणि असल्या इतर हंगामी कामांचा वेगळा. तो वर्षाला किती जणांना द्यायचा त्याचा आकडा सरकारने ठरवलेला, तो भरला की दार बंद. ज्या कारखान्याने बोलावलं त्याच कारखान्यात राबायचं आणि हंगाम संपला की मुकाट्याने घरी यायचं. पिंटोने घड्याळ लावून आम्हा चाळीस बायांना सोलायला बसवलं. पहिली आली द्रौपदीवैनी. दुसरी मी, पण आमच्या दोघींत चांगलंच अंतर होतं. त्याला दोघीच हव्या होत्या.

वैनीने त्याच दिवशी मनात सगळं ठरवलं. एक हंगाम करायचा. आल्यावर देवगडच्या स्टँडजवळ छोटी खानावळ काढायची, मागे राहायला खोली, आणि रसिकाला परत आणून शाळेत घालायचं. हे तिने मला सांगितलं आणि वाण्याच्या दुकानातून फोन करून पोरीला सांगितलं. त्यानंतर मंदाक्काच्या घरात कॅलेंडरवर बारीक बारीक फुल्या पडायला लागल्या, म्हणे.

मग व्हिसासाठी मुंबईला निघायला सोळा दिवस राहिले असताना पिंटोचा फोन आला. व्हिसाच्या ऑफिसात दहाही बोटांचे ठसे यंत्रावर घेतात, तो म्हणाला, आणि सोलणाऱ्या बायांचे ठसे उमटतच नाहीत, रेषा झिजून गेलेल्या असतात. आता कोळंबीला हात लावायचा नाही. निदान सलग आठ दिवस तरी हात कोरडे ठेवा, सकाळ संध्याकाळ खोबरेल चोळा, कातडी परत येते.

सांगायला सोपं होतं. आमच्या शेडमध्ये टेबल जोडीला मिळतं. दोघींपैकी एक तरी हजर असली तर टेबल तुमचं, दोघी गेल्या की मुकादमीण दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी जोडी उभी करते आणि मग पाया पडलं तरी मिळत नाही. मुंबईच्या दोन दिवसांची सूट तेवढी तिने कबूल केली होती. व्हिसा मिळाला नाही तर खायचं काय, हा प्रश्न होताच. म्हणून आम्ही वाटून घेतलं. पहिले आठ दिवस मी घरी बसायचं आणि वैनीने टेबल सांभाळायचं. पुढचे आठ दिवस मी जायचं आणि तिने बसायचं. मी म्हटलं, वैनी, पुढचे आठ दिवस मी हातांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून आणि रबरी मोजे घालून सोलीन, माल कमी झाला तरी चालेल, टेबल राहिलं म्हणजे झालं. ती म्हणाली, बरोबर आहे. पहिले आठ दिवस तिने दोघींच्या वाट्याचं सोललं, नाहीतर मुकादमीण कुरकुरली असती. तिला मोजे सोसायचे नाहीत, वेग जातो म्हणायची.

नवव्या दिवशी सकाळी मी अंथरुणावर होते. वैनी तेलासाठी रिकामी वाटी घेऊन, आता माझी पाळी, अशा खुशीत माझ्या खोलीच्या दारात आली. मी म्हटलं, अंगात ताप आहे. कपाळाला हात लावून बघायला ती पुढे झाली आणि आपल्याच हातांकडे बघून थांबली. आठ दिवसांत त्या हातांची सालटी निघाली होती. दारातूनच म्हणाली, “पड तू. आजच्यो दिवस मी जातंय.”

ताप आठ दिवस राहिला.

तर अशा आम्ही मुंबईला आलो होतो, आणि अशी ती पोर आईचे हात घासत होती. निघताना तिने आईच्या तळव्यांचा शेवटचा वास घेतला आणि म्हणाली, “आता कोणाला कळणारसुद्धा नाही.” वैनीने तिच्या गालाला हात लावला. हंगाम संपलो की तुका न्हेतंय, एवढंच बोलली.

व्हिसाच्या ऑफिसात थंडगार होतं. पिंटो बाहेर थांबला. आत रांगा, काचा, काचेमागे माणसं. आम्ही उत्तरं पाठ करून गेलो होतो. परत कशावरून याल, असं विचारतात, पिंटोने पढवलं होतं. माझ्याकडे नवरा होता. वैनीला तो म्हणाला होता, तुमची मुलगी इथे आहे ना, तेच सांगा, त्याहून मोठं काही नाही.

ठशांच्या खिडकीशी आधी माझा नंबर आला. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. प्रत्येक वेळी काचेखाली हिरवा दिवा लागला. मला वाटत होतं तेवढा वेळही लागला नाही.

मग वैनी. डाव्या हाताची बोटं ठेवली, दिवा लाल. आतला गोरा तरुण काहीतरी बोलला आणि त्याच्या शेजारी बसलेली मराठी बाई म्हणाली, जरा दाबून ठेवा. लाल. काच पुसून झाली, हात रुमालाने पुसून झाले, कपाळाचं तेल बोटांना लावा म्हणाले, तेही तिने केलं. लाल. उजवा हात ठेवला, तोही लाल. अंगठे ठेवले. त्या बाईने मान पुढे काढून विचारलं, “हाताला काय लावलंत तुम्ही?”

“लिंबू,” वैनी म्हणाली. “वास येऊ नये म्हणून.”

“अहो, लिंबू कशाला लावलंत? असतं-नसतं तेही गेलं.”

तिने हे चांगुलपणाने म्हटलं. तो तरुणही वाईट नव्हता. त्याने वैनीला मुलगी किती वर्षांची आहे, कुठे असते, सगळं विचारलं आणि ऐकून घेतलं. मग एक कागद दिला. बोटं बरी झाली की या, तीन आठवड्यांनंतरची तारीख. वैनीने कागद दोन्ही हातांनी घेतला, देवाचा अंगारा घेतात तसा. तिला वाटलं, तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. बाहेर येईपर्यंत ती चक्क हसत होती.

बाहेर पिंटोने कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. तीन आठवड्यांत यंदाचा आकडा भरून जाईल, तो म्हणाला. कारखान्याला दहा तारखेला बाया हव्यात, तो थांबणार नाही, तिच्या जागी दुसरीचं नाव घालावं लागेल. पुढच्या वर्षी बघू. वैनीने विचारलं, पुढच्या वर्षी नक्की काय? पिंटो म्हणाला, नक्की. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. वैनीला कळलं की नाही, ते तिने दाखवलं नाही.

पिशव्या न्यायला मंदाक्काच्या घरी जावंच लागलं. जिना चढताना वैनी मध्येच एका पायरीवर बसली. म्हणाली, तू पुढे हो आणि तूच सांग, माझ्या तोंडातून निघायचं नाही. दार रसिकाने उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या मागे बघितलं. मंदाक्काने सोफ्यावरून विचारलं, काय झालं.

मी सांगितलं. माझं झालं, वैनीचं नाही, ठसे उमटले नाहीत. मंदाक्का म्हणाली, तुझे उमटले आणि तिचे कसे नाही उमटले? दोघी एकाच टेबलावर ना?

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, “तिथल्या बाई म्हणाल्या, लिंबामुळे झालं.”

रसिका आत गेली, ओट्यावरचं उरलेलं अर्धं लिंबू उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग नळ सोडून सकाळचीच धुतलेली भांडी पुन्हा घासायला लागली. वैनी वर आली तेव्हाही ती वळली नाही. वैनी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, बराच वेळ, आणि मग पिशवी उचलून आम्ही निघालो. गॅलरीतून हात हलवायला पोर आली नाही.

पंधरा दिवसांनी मी गावाहून निघाले. नवरा रिक्षा आणायला गेला होता. वैनी शेडमध्ये जायच्या तयारीत अंगणात उभी होती, नव्या जोडीदारणीला घेऊन टेबल तिने टिकवलं होतं. मी वाकून नमस्कार केला. तिने मला उठवलं आणि माझे हात हातात धरले. तिच्या बोटांना तेव्हा चिरा पडल्या होत्या. माझा हात उलटा करून तिने बोटांची पेरं अंगठ्याने चाचपून बघितली, बाजारात भाजी बघावी तशी सावकाश.

“ताप असलेला माणूस हाताक तेल चोळीत बसणा नाय,” ती म्हणाली. “त्या सकाळी माका दारातसूनच ताजो वास इलो. खोबरेलाचो.”

ताप मला एक दिवससुद्धा आला नव्हता. आठ दिवसांत माझ्या बोटांवर रेषा नुसत्या दिसू लागल्या होत्या, पुसटशा, आणि मला भीती वाटली की टेबलावर गेले तर मोज्यांतूनही त्या जातील. अजून एक दिवस, असं म्हणत मी आठ दिवस अंथरुणात पडून राहिले आणि रोज ती शेडवर गेली की वाटी बाहेर काढत राहिले. तिची बोटं कशीही उमटतील, ती सगळ्यात पहिली आलेली बाई, तिला कोण परत पाठवणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती मला तेव्हाही पटली नव्हती.

“वैनी, मग तू त्याच दिवशी बोललंस कित्या नाय?” मी विचारलं.

“बोलून काय झाला असता? तू उठलं असतंस?”

मी खाली बघितलं. तिने माझे हात सोडले. आवाज चढवला नाही, रडली नाही, शाप दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

“माका काय सांगा नको,” ती म्हणाली. “त्या चेडवाक सांग. ता समाजता, तेच्या लिंबामुळे झाला. जाताना मुंबईत उतारतलंस, तेवा सांग. माझ्यान तुझा नाव घेवन सांगवणा नाय.”

मी हो म्हटलं. तेवढ्यात रिक्षा आली.

मुंबईत मी मंदाक्काकडे दोन तास होते. रसिकाने चहा दिला, मी चहा प्यायले आणि विमानतळावर गेले.

पिंटोने पुढच्या वर्षी वैनीचं नाव घेतलं नाही. कारखान्याला ज्या बाया एकदा येऊन गेल्या त्याच परत हव्या होत्या, शिकवावं लागत नाही म्हणून. म्हणजे मी. त्यानंतर मंदाक्काकडून पोरीला परत आणायचं वैनीने दोनदा मनावर घेतलं, पण खानावळ झाली नव्हती, खोली झाली नव्हती, आणि आणून उभी करायची तर त्याच टेबलाशी. ते तिने केलं नाही. रसिकाच म्हणाली, आये, मी इथे बरी आहे. आईशी ती फोनवर फार बोलत नसे. मी सगळं सांगितलं असं धरून वैनीला वाटायचं पोर रुसली आहे. पोर लाजत होती, हे फक्त मला माहीत होतं. वैनी तीन वर्षांपूर्वी गेली, शेडमधून घरी येताना, रस्त्यात बसली ती उठलीच नाही. मी तेव्हा अमेरिकेत होते. हंगाम सोडून येता येत नाही, आलं तर पुढचा व्हिसा जातो.

आता सतरा वर्षं झाली. मंदाक्का अंथरुणाला खिळली आहे आणि तिचं सगळं रसिका करते. तिशीची झाली, लग्नाचं कोणी बघितलं नाही. जाताना मी दरवर्षी तिथे दोन तास थांबते. त्या घरात वरणावर लिंबू पिळत नाहीत. माशाला कोकम लावतात, सरबतही कोकमाचंच. मंदाक्काला वाटतं, पोरीला आवडत नाही.

या मार्चमध्ये गेले तेव्हा मी चहा पीत होते आणि रसिका मंदाक्काचं अंग पुसून हात धुऊन आली. समोर बसली. कधी नव्हे ते तिने तो विषय काढला.

“काकी, मी त्या दिवशी आईच्या हाताला लिंबू लावलं नसतं तर उमटले असते का हो ठसे?”

मंदाक्का आत कण्हत होती. घड्याळात अजून एक तास होता, वेळ भरपूर होता. वैनीने सांगितलेलं वाक्य न वाक्य मला पाठ होतं.

“यंत्राचं काय सांगावं, बाय,” मी म्हटलं. “कदाचित उमटले असते.”

तिने मान हलवली. तिला तेच वाटत होतं, ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि घट्ट बूच लावलेली, वरून प्लास्टिकची पिशवी बांधलेली एक बाटली घेऊन आली. दरवर्षी विमानतळावरच्या यंत्राला बोटं द्यावी लागतात, हंगामात माझी कातडी जाते, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

“घाण्यावरचं खोबरेल आहे,” ती म्हणाली. “तिकडे असलं मिळत नसेल. रोज लावा, काकी. आळस करू नका.”

मी बाटली घेतली आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये नीट ठेवली.